ऐंशी टक्के प्राण

"आता ती डोळे मिटेल," महाराज म्हणाले, आणि दिवा विझला.

अगदी त्याच क्षणाला. वाक्य संपलं आणि दिवा गेला, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. व्हरांड्यात आणि अंगणात दाटीवाटीने बसलेल्या शंभर-सव्वाशे माणसांच्या तोंडून एकदम 'आ' निघाला. महाराजांचा शिष्य पुढे झाला. भिंतीवरच्या पेटीवर टाकलेलं मखमली फडकं त्याने हळूच बाजूला केलं, एक बटण दाबलं आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात हिरवा आकडा उमटला. ऐंशी.

"बघा! ऐंशीच!" माझ्या शेजारची शिंपीणबाई माझं मनगट आवळत म्हणाली. "मी बारा दिवस सलग येतेय. एक टक्का खाली गेला नाही हो."

"आमच्या घरची बॅटरी तासाभरात मान टाकते," मागून बेकरीवाला म्हणाला. "आणि ही तीन महिने झाले तरी ऐंशीवरून हलत नाही. म्हणजे काहीतरी आहेच ना?"

'काहीतरी आहेच.' हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय की त्याची मला चीड येते. नीट बघायचं नाही असं ठरलं की माणसं हेच वाक्य बोलतात.

महाराज पांढऱ्याशुभ्र शर्टात, गुबगुबीत खुर्चीत बसले होते. त्यांच्यासाठी पंखा होता, ध्वनिक्षेपक होता. पंखा दिव्याबरोबरच बंद पडला होता, ध्वनिक्षेपक त्याआधी वीज गेली तेव्हाच, पण त्यांचा आवाज त्याच्यावाचून अडणारा नव्हता.

"देह म्हणजे काय? वायर! प्राण म्हणजे काय? करंट! वायर तुटली म्हणून करंट मरतो का हो?"

"नाही!" गर्दी म्हणाली.

"मग जातो कुठे?"

"पेटीत!"

"पेटीत! वीस टक्के प्राण ती वर घेऊन गेली. ऐंशी टक्के इथे ठेवून गेली. कोणासाठी? लेकीसाठी! म्हाताऱ्या बापासाठी! तुमच्या-माझ्यासाठी!"

वायर तुटली की करंट कुठेही जात नाही, तो वाहायचा थांबतो, एवढं आठवीच्या पुस्तकात असतं. मला आठवीत ते ज्यांनी शिकवलं ते निवृत्त मुख्याध्यापक पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते.

आता मी कोण ते सांगते. ती पेटी मी लावली आहे. तिचे चारही बोल्ट मी माझ्या हाताने आवळलेत. छपरावर आठ पॅनल आहेत, तेही माझेच. लोकांच्या घरांवर सौरऊर्जेची पॅनल आणि बॅटऱ्या बसवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि मीटर दाखवेल त्याच्यापलीकडे कशावर विश्वास ठेवायची मला सवय नाही. आणि जिचा ऐंशी टक्के प्राण त्या पेटीत आहे असं महाराज सांगत होते, ती माझी मैत्रीण होती. पहिलीपासूनची. एका बाकावरची.

तिच्या फुप्फुसांचा आजार बरा होणारा नव्हता. दिवसातले अठरा तास नाकाला नळी लागायची आणि ती नळी ज्या यंत्राला जोडलेली होती ते विजेवर चालायचं. गावात वीज रोज ठरल्या वेळी जायची, शिवाय न ठरलेल्या वेळीही जायची. नवऱ्याशी कधीच फारकत झाली होती. ती आणि तिची सात वर्षांची लेक चिऊ, दोघी तिच्या वडिलांकडे राहायच्या. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. "तुझ्या त्या पाट्या लाव बाई आमच्या छपरावर," ती एके दिवशी मला म्हणाली, "वीज गेली की मी घड्याळाकडे बघत बसते." मी चार दिवसांत काम संपवलं. बॅटरीवर तिच्या खोलीची जोडणी दिली. यंत्राचा प्लग, एक दिवा, आणि मागच्या खोलीतला एक प्लग, तिच्या औषधांच्या छोट्या फ्रिजसाठी. चारही दिवस अण्णा खाली शिडी धरून उभे होते.

अण्णांबद्दल थोडं सांगायलाच हवं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात ते छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांच्या स्टोअरमध्ये प्रत्येक रॅकवर एक लाल रेघ मारलेली असायची. माल त्या रेघेपर्यंत उतरला की द्यायचं बंद. राखीव साठ्याला हात लावायचा नाही, मग कोणी का येईना. "एकदा सगळा कारखाना दोन तास थांबला," ते मला शिडीखालून अभिमानाने सांगत होते, "पण मी राखीव बेअरिंग दिलं नाही. उद्या खरी गरज पडली तर?" मी वर हसत होते. असा माणूस घरात असला की घर चालतं, असंही मला वाटलं होतं.

काम संपल्यावर त्यांनी विचारलं, "ही बॅटरी किती खाली जाऊ द्यायची?"

"दहा टक्क्यांपर्यंत चालते, अण्णा. मी दहावरच ठेवलीय. त्याच्या खाली ती आपोआप बंद होते."

"दहा?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "दहा म्हणजे कंगालच झालो की. हे बदलता येतं?"

"येतं. पण लागणार नाही तुम्हाला."

"नसू दे. कोड देऊन ठेव. आपल्या घरातली वस्तू, आपल्याला माहीत हवी."

मी चिठ्ठीवर चार आकडे लिहून दिले आणि निघाले. मला लांबच्या एका रुग्णालयाच्या छपराचं काम मिळालं होतं, गाडी गाठायची होती. ते कोडचं काय करणार आहेत हे मी विचारलं नाही.

महिन्याभरात फोन आला. "गेली ग ती," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "वादळाने खांब पडला, सकाळी अकरालाच वीज गेली. पण तू मनाला लावून घेऊ नकोस. वीज होती. बॅटरी ऐंशी टक्के भरलेली होती, मी स्वतः बघितली. ते यंत्रच बंद पडलं ग. संध्याकाळी आपोआप सुरूही झालं. तिची वेळच आली होती." मी फोन धरून त्या अर्धवट छपरावर कितीतरी वेळ बसून राहिले. खरं सांगते, त्या दुःखात मला थोडं हायसंही वाटलं होतं. माझी बॅटरी दगा देऊन गेली नव्हती.

तीन महिन्यांनी मी परतले त्याच दिवशी संध्याकाळी अण्णांकडे गेले, तर दारात चपलांचा ढीग. महाराज दोन महिन्यांपूर्वी सांत्वनाला म्हणून आले होते आणि तिच्याच खोलीत राहिले होते. घर आता महाराजांचं केंद्र होणार होतं. अण्णा माझ्या तोंडाकडे बघून हसले, आणि मला ते हसू बघवेना.

"ती गेलेली नाही ग," ते म्हणाले. "महाराजांनी दाखवलं मला. तूच आणलीस ना ती पेटी? तुझे उपकार कसे फेडू?"

चिऊ पेटीखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. तिचे खांदे श्वासागणिक वर येत होते. तिला जन्मापासून दमा आहे.

"अण्णा, हिचा दम्याचा पंप कुठाय?"

"कपाटात ठेवलाय. कुलपात." त्यांनी गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेल्या चावीला हात लावला. "एकवीस दिवस तिला आईच्याच श्वासावर ठेवायचंय. विकतचा श्वास मध्ये आला की आईचा आटतो. आज अठरावा. आणि रडायचं पण नाही तिने. आई इथे असताना रडायचं कशाला?"

मी तिथेच आवाज चढवणार होते. पण तेवढ्यात साडेसहा वाजले, वेळापत्रकाप्रमाणे वीज गेली, फक्त तिच्या खोलीतला दिवा आणि महाराजांचा पंखा चालू राहिला आणि गर्दीने हात जोडले. मी म्हटलं, आधी बघू तरी हा काय करतो.

म्हणून मी बसले, आणि त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या हातांकडे बघत राहिले. त्याच्या मांडीवर रुमालाखाली मोबाईल होता. दर दोन मिनिटांनी रुमाल किंचित उचलला जाई. तो कशाकडे बघत असेल हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती. या बॅटरीचा आकडा मोबाईलवर दिसतो, आणि ते ॲप अण्णांनीच मोठ्या कौतुकाने त्याला घालून दिलं असणार. पेटीवर फडकं का टाकलंय तेही कळलं. आकडा ऐंशीवर थांबलेला लोकांना दिसावा, पण त्याच्याकडे उतरताना दिसू नये.

मग प्रवचन ऐन रंगात आलं. शिष्य उठून मागच्या खोलीत गेला, आणि भिंतीपलीकडून बारीक घरघर ऐकू यायला लागली. पाणी तापवायची विजेची किटली. तिची घरघर मी झोपेतही ओळखीन, कारण माझ्या गिऱ्हाइकांच्या निम्म्या तक्रारी तिच्यामुळेच असतात. एक दिवा आणि एक पंखा बॅटरीचा एक टक्का खायला वीस-पंचवीस मिनिटं घेतात. किटली तोच टक्का दोन मिनिटांत फस्त करते. म्हणजे प्रवचन आवरतं घ्यायचं असलं की किटली लावायची, रुमालाखाली आकडा एक्याऐंशीवरून उतरायला आला की म्हणायचं, 'आता ती डोळे मिटेल.' मला मनातल्या मनात हसू आलं. ठकसेन असला तरी पठ्ठ्या वेळेचा पक्का होता.

दिवा विझला. फडकं बाजूला झालं. ऐंशी.

आणि माझं हसू तिथेच गोठलं.

दिवा ऐंशीला विझतो. मी बॅटरी दहावर ठेवून गेले होते. मग ऐंशीला दिवा का विझतो? कारण कोणीतरी लाल रेघ ऐंशीवर मारली होती. त्या रेघेपर्यंत बॅटरी घराला वीज देते आणि तिथे हात आखडते. आत ऐंशी टक्के भरलेली असली तरी बाहेर थेंब देत नाही. दिवा ऐंशीला विझतो, पंखा ऐंशीला थांबतो, आणि तीन महिन्यांपूर्वी त्याच प्लगवर एक ऑक्सिजनचं यंत्र होतं.

अकराला वीज गेली. ढगाळ दिवस, पॅनलवर ऊन नाही. वरच्या पंधरा-वीस टक्क्यांवर यंत्र चाललं असेल दोन-अडीच तास. मग ते थांबलं, ते संध्याकाळी वीज परतेपर्यंत. दिवसाउजेडी दिवा कोणी लावलेला नव्हता. अण्णा पेटीकडे धावले असतील, त्यांनी आकडा बघितला असेल, आणि आकड्याने त्यांना सांगितलं असेल की वीज भरपूर आहे, बिघाड यंत्रात आहे. ते यंत्र उघडत बसले असतील. आणि तिने त्यांच्याकडे बघत...

मला पुढचा विचार करवेना. मी ठरवलं, हे कुणालाही सांगायचं नाही. या माणसाने उरलेली चार वर्षं त्या पेटीपुढे हात जोडून काढली तर कुणाचं काय बिघडतं? देवा-धर्माचा लवलेश नसलेली मी, मनात म्हणत होते की राहू दे, असू दे तिचा प्राण पेटीत.

तेवढ्यात चिऊच्या छातीतून शिटी वाजली.

बारीक, लांबलेली. ज्यांच्या घरात दमा आहे त्यांना ती शिटी ओळखायला दुसऱ्यांदा ऐकावी लागत नाही. मी माणसांच्या मांड्यांवरून पाय टाकत तिच्याकडे गेले. तिचे ओठ फिकुटले होते.

"अण्णा, चावी द्या."

"तीन दिवस राहिलेत ग फक्त."

"चावी द्या अण्णा!"

"बाई, बसून घ्या," महाराज म्हणाले. "आई लेकीला श्वास पाजतेय. असं होतं थोडं."

अण्णांनी चावी मुठीत घट्ट धरली होती. पोलादी कपाट, माझ्या पक्कडीला दाद देणार नव्हतं. मी बेकरीवाल्याला ओरडून म्हटलं, "स्कूटर काढा, डॉक्टरांना घेऊन या, दम्याचं औषध बरोबर घ्या म्हणावं!" तो भला माणूस निघालाही. पण डॉक्टर यायला वीस मिनिटं तरी लागणार होती, आणि पंप सहा पावलांवर होता. मध्ये फक्त एका म्हाताऱ्याची मूठ होती, आणि त्या मुठीत तो आकडा.

मी एकदा खोटं बोलून बघितलं. "अण्णा, पेटी बिघडलीय. आकडा चुकीचा दाखवतेय."

"तूच म्हणाली होतीस, आकडा खोटं बोलत नाही."

मग माझ्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही. मी पहिल्या रांगेकडे वळले. "सर, मागच्या खोलीत जा आणि प्लगला जे लावलंय ते घेऊन या." मुख्याध्यापक गोंधळून उठले, शिष्य आडवा गेला, पण ज्यांनी चाळीस वर्षं वर्ग शांत ठेवला त्यांना एक शिष्य काय अडवणार? ते वाफा येणारी किटली हातात धरून बाहेर आले.

"ही बॅटरी खाते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ही लावली की दिवा लवकर विझतो. कधी विझणार हे महाराज रुमालाखालच्या मोबाईलवर बघतात. उचला तो रुमाल."

शिंपीणबाईनेच उचलला. मोबाईलवर हिरवा ऐंशी. अंगणात कोणीतरी हसलं, मग दहा जण हसले. "म्हणजे प्राण चहा करत होता म्हणा की!" कोणी म्हणालं. महाराजांचा चेहरा मात्र हलला नाही.

"किटलीने दिवा विझेल," ते म्हणाले. "पण आकडा ऐंशीला थांबतो तो कशाने? तो खाली का जात नाही? आहे उत्तर?"

हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अण्णाही बघत होते, आशेने, की माझ्याकडे उत्तर नसेल.

मी पेटीशी जाऊन तेच चार आकडे दाबले, ऐंशीच्या जागी दहा केलं आणि बॅटरी पुन्हा सुरू केली. खोलीतला दिवा लागला. पंखा फिरायला लागला. मी किटली तिच्या खोलीतल्या प्लगला लावली आणि फडकं खाली फेकून दिलं.

"आता सगळ्यांनी बघा."

मिनिट गेलं. पाणी पुन्हा खदखदायला लागलं. आकडा बदलला. एकोणऐंशी.

अठ्ठ्याहत्तर झाले तेव्हा अण्णा उठले. त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते.

"थांबव," ते म्हणाले. "अग थांबव ते! ती चाललीय! माझी पोर चाललीय, थांबव!"

ते पेटीला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. मी जन्मात इतकं क्रूर काम केलेलं नाही. माझा हात किटलीच्या बटणावर होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आकडा सत्याहत्तर झाला.

"अण्णा, ती नाही इथे. ही नुसती बॅटरी आहे. ऐंशीला थांबायला सांगितलं होतं म्हणून ती थांबत होती. दहाला थांब म्हटलं की दहाला थांबेल."

"कोणी सांगितलं होतं?" महाराजांनी उसळून विचारलं. त्यांना वाटलं, मी अडकले.

"कंपनीतूनच तसं येतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच पटला नाही.

अण्णांनी पेटीवरचे हात काढले. ते हळूच वळले. छत्तीस वर्षांत एका बोल्टचाही हिशेब ज्याने चुकवला नाही तो माणूस विचार करायला लागला की तो कुठे पोहोचणार हे मला ठाऊक होतं. मी त्यांना थांबवू शकले नाही.

"नाही," ते म्हणाले. "तू दहावर ठेवून गेली होतीस. मी ऐंशी केलं. दुसऱ्याच दिवशी. राखीव ठेवायला. खरी गरज पडली तर."

"अण्णा..."

"त्या दिवशी यंत्र थांबलं तेव्हा मी इथे येऊन बघितलं. ऐंशी. मी म्हटलं, वीज आहे. तिला म्हटलं, थांब बाळ, यंत्रच बिघडलंय, मी बघतो. मी पेचकस घेऊन बसलो. ती पेटीकडे बोट दाखवत होती. मी म्हटलं, वीज आहे ग, वीज आहे."

अंगणात सव्वाशे माणसं होती आणि चिऊच्या छातीतल्या शिटीशिवाय दुसरा आवाज नव्हता. ती शिटी अण्णांनी त्या अठरा दिवसांत पहिल्यांदा ऐकली असावी. त्यांनी गळ्यातला दोरा ओढून तोडला आणि चावी माझ्या हातात कोंबली.

मी पंप आणला. एक दाब, मग थांबून दुसरा, मग तिसरा. डॉक्टर येईपर्यंत तिच्या ओठांवर रंग परतायला लागला होता. त्यांनी तिला तपासलं आणि बाष्पाचं यंत्र लावलं.

महाराज उठले तेव्हा जाता जाता म्हणाले, "या बाईने तिला मारलं. तुमच्या डोळ्यांदेखत मारलं." गर्दीत दोन-चार माना हललेल्या मी पाहिल्या. खोटं उघडं पडलं की माणसं खोटं बोलणाऱ्यावर रागावतात असं नाही, पुष्कळदा उघडं पाडणाऱ्यावरच रागावतात.

तेव्हा अण्णा पायरीवर उभे राहिले. छत्तीस वर्षं खालच्या आवाजात बोललेला माणूस मोठ्याने बोलला.

"हिने नाही मारलं. माझी मुलगी गेली ती नशिबाने नाही, आणि तिची वेळही आली नव्हती. ऐंशी टक्के वीज शिल्लक असताना ती गेली, कारण मी द्यायची बंद केली होती. मला ते कळायला हवं होतं. रोज संध्याकाळी माझ्यासमोर दिवा ऐंशीला विझत होता. मी एकदाही विचारलं नाही, हा का विझतो? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही. या माणसाने मला न विचारायला एक कारण दिलं आणि त्यासाठी मी माझी नात पण देणार होतो. घरी जा. याच्या सांगण्यावरून ज्यांनी औषधं बंद केलीत त्यांनी आजच्या आज सुरू करा."

लोक उठले. चपला शोधताना एकमेकांकडे न बघता गेले. मुख्याध्यापकांनी किटली प्लगमधून काढून पुन्हा हातात घेतली होती, ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचत नव्हतं.

याला आता वर्ष होत आलं. चमत्कार बघायला म्हणून अजूनही लांबून कोणी कोणी येतं. अण्णा प्रत्येकाला आत बसवतात, पाणी देतात आणि सगळं सांगतात. स्वतःचा भाग गाळत नाहीत. मी एकदा म्हटलं, "अण्णा, पुरे आता, किती वेळा तेच तेच सोसायचं?" ते म्हणाले, "मी गप्प बसलो तर दुसऱ्या कुणाच्या घरात असंच होईल." ते रात्री झोपत नाहीत हे मला चिऊकडून कळतं. बुद्धीने माणसाचं दुःख कमी होतं असं मी कुणाला सांगणार नाही. अण्णांचं झालेलं नाही. माझंही नाही, कारण तो कोड मी दिला होता आणि दोन मिनिटं थांबून समजावलं नव्हतं. आता मी कुठल्याही घरातून निघण्याआधी मुख्य वीज बंद करते, त्यांची सगळी यंत्रं लावते आणि बॅटरी संपून बंद पडेपर्यंत घरच्यांना समोर बसवते. गिऱ्हाइकं कंटाळतात. कंटाळू देत.

तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. कुणी आकडा दाखवून, दिवा विझवून, पाणी फुंकून 'काहीतरी आहेच' म्हणालं, तर 'काय आहे?' असं विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि ज्या प्रश्नाच्या उत्तराची भीती वाटते तो तर आधी विचारा. आजाऱ्याचं औषध कुलपात घालायला सांगणारा माणूस कितीही गोड बोलला तरी त्याला घराबाहेर काढा.

त्या प्रसंगानंतर चार-पाच दिवसांनी चिऊ माझ्याकडे आली होती. माझ्या हत्यारांच्या पिशवीशी खेळता खेळता तिने विचारलं, "मावशी, आई पेटीत नाही, तर मग कुठे आहे?"

मी खूप वेळ शब्द शोधले. ताऱ्यांचे, ढगांचे, फुलांचे. मग मी तिला खरं ते सांगितलं.

"कुठेच नाही, बाळा. ती गेली. ती खूप चांगली होती, तुझ्यावर तिचा फार जीव होता, आणि आता ती नाहीये."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडली. आई गेल्यानंतर तीन महिन्यांनी पहिल्यांदा, मोठ्याने, हुंदके देत, माझ्या कुशीत तोंड खुपसून रडली. मी तिला गप्प केलं नाही. तिचा पंप हातात धरून मी तिच्याजवळ बसून राहिले.